घरून काम, तरी दिवस गळतो: गळती शोधायची कुठे

सकाळी नऊला लॅपटॉप उघडला. दीड वाजता बघावं तर वर शीर्षक, खाली दोन परिच्छेद, आणि त्यातला एक कालचाच. महिन्यातून एकदा असं झालं तर सोडून द्या. आठवड्यातून तीनदा होत असेल तर हा बिघाड आहे. सोबत खालच्यापैकी दोन-तीन लक्षणं दिसतातच:

- मसुदे वाढत जातात, प्रसिद्ध झालेले लेख वाढत नाहीत. एका जुलैत माझ्याकडे एकोणीस मसुदे होते आणि महिनाभरात बाहेर पडलेला लेख एक.
- दिवसातून दहा वेळा आकडे बघितले जातात: किती जण आले, किती पैसे झाले.
- थीम बदलली, लोगो बदलला, अक्षरांचा रंगही बदलला. लेख जिथे होता तिथेच.
- खरं काम रात्री साडेअकराला सुरू होतं, घर झोपल्यावर.
- रविवारीही सुट्टी घेतलेली नाही, तरी सोमवारी आपण मागेच.
- "आज काय केलंस?" असं कोणी सहज विचारलं तरी राग येतो.

मी मुलुंड पूर्वेला राहते. वन बीएचके, माणसं चार. खिडकीच्या ग्रिलमध्ये आणि बाल्कनीच्या अडीच फुटांत काय काय उगवतं, यावर माझा मराठी ब्लॉग आहे. जाहिराती, कुंड्या-खतांच्या विक्रीवरचं कमिशन आणि अधूनमधून एखादा प्रायोजित लेख, अशी त्याची कमाई. हा बिघाड मी स्वतःच्या घरात सहा-सात वेळा दुरुस्त केलाय. नणंदेकडे केलाय, भांडुपच्या मैत्रिणीकडे दोनदा केलाय. बिघाड दरवेळी तोच असतो, सापडतो मात्र वेगळ्या जागी. इमारतीतल्या गळतीसारखंच. ओल दिसते हॉलच्या छताला आणि पाणी मुरत असतं वरच्यांच्या न्हाणीत.

म्हणून आधी एक काम करू नका, ते म्हणजे खरेदी. पहिल्या वेळी मला खात्री होती की दोष खुर्चीत आहे. हप्त्यावर चौदा हजारांची खुर्ची आणली. आता तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात. पुढची तपासणी फुकटापासून महागाकडे जाते. क्रम मोडू नका. खालच्या पायऱ्यांना पैसे लागतात आणि बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

पाठकोरा कागद, दोन दिवस

ॲप नको, एक्सेल नको. पाठकोरा कागद टेबलासमोरच्या भिंतीला चिकटपट्टीने लावा. खुर्चीतून उठलात की वेळ आणि एक शब्द, परत बसलात की वेळ. एवढंच. माझ्या एका मंगळवारचा कागद असा:

९.०५ बसले
९.१२ बेल, कचरा
९.१८ बसले
९.२५ ओटीपी, आईंचं लाइट बिल
९.४० बसले
९.४४ आकडे
१०.०५ मावशी, भांडी
१०.२० बसले
१०.३१ कुरिअर, शेजारच्यांचं
१०.३५ बसले
११.१० वाटाणे

त्या दिवशी वाटाण्यांची एवढी काय घाई होती ते आता आठवत नाही. पण पुढची नोंद बाराची आहे.

हा कागद का लागतो? कारण आठवणीतून आपण नेहमी चुकीच्या माणसाला पकडतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींमुळे माझी सकाळ जाते, असं मी सगळ्यांना सांगत होते. कागदाप्रमाणे मावशींनी पंधरा मिनिटं घेतली आणि लाइट बिलाच्या ओटीपीनेही पंधराच.

मिनिटांची बेरीज करत बसू नका. कागदावर एकच गोष्ट शोधा: सलग बसण्याचा सगळ्यात मोठा तुकडा किती. माझा होता पस्तीस मिनिटांचा. दोन्ही दिवस पाऊण तासाच्या आत असेल तर गळती फोनमध्ये, घराच्या वेळापत्रकात किंवा माणसांत आहे. पुढच्या तीन पायऱ्या नीट करा. दीड तास सलग बसलात आणि तरीही पान कोरं राहिलं, तर या तिन्ही सोडून थेट चिठ्ठीच्या पायरीवर जा. आणि सहा तास बसलात, लिहूनही झालं, पण साइट चालत नाही किंवा नेट जातं, तर तुमचा बिघाडच वेगळा आहे. तो खाली आहे.

फोन चपलांच्या कपाटावर

फोन बंद करा असं मी म्हणत नाही. शाळेचा फोन येतो, वॉचमनचा येतो. माझा फोन सकाळी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर असतो, आवाज मोठा, आणि वाजायची परवानगी तीनच नंबरांना: नवरा, शाळा, गेट. बाकी सगळे मुके. उठून सात पावलं चालायचं म्हटलं की अर्धी उत्सुकता तिथेच मरते.

ओटीपीची सगळी कामं संध्याकाळी चारनंतर. वेळ ओटीपीत जात नाही. ओटीपी बघायला हातात घेतलेला फोन खाली ठेवताना मध्ये सोसायटीचा ग्रुप लागतो, त्यात गेला सोमवार गेला होता.

आकड्यांचं तर्कशास्त्र एकदा नीट समजून घेतलं की तिकडचा हात आपोआप कमी होतो. ॲडसेन्समध्ये, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावणाऱ्या गुगलच्या सेवेत, दिवसभर दिसते ती अंदाजे कमाई असते. पक्का आकडा महिना संपल्यावर ठरतो. शिल्लक १०० डॉलरच्या वर असेल तर पैसे पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. मग मंगळवारी पावणेदहाला तो आकडा बघून नेमकं काय ठरवायचं असतं? मी सोमवारी दुपारी जेवणानंतर बघते, वहीत उतरवते आणि बंद करते.

फोटो फोनवरच काढायचे असतील तर सकाळच्या उजेडात एकदम काढा, कामाला बसायच्या आधी. एकेका फोटोसाठी फोन हातात आला की चपलांच्या कपाटाचा काही उपयोग नाही.

पाण्याची वेळ, कुकरची वेळ, लेखाची वेळ

बहुतेक घरांत गळती इथे सापडते, म्हणून इथे जरा थांबते.

घरून काम करणाऱ्यांना वेळापत्रक बनवायचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण त्यात नळ नसतो. मुंबईतल्या घरात सकाळ कोण ठरवतं? पाणी. आमची सोसायटी टाकीचं पाणी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी एक तास सोडते. नवऱ्याची ८.१२ ची लोकल. मुलगा सातला शाळेत जातो आणि साडेबाराला दारात. मावशी दहाला, त्यांच्या आधीच्या घरी उशीर झाला तर सव्वादहाला. यातलं काहीही माझ्या सांगण्याने हलणार नाही. हलण्यासारखी वस्तू एकच आहे: लेख. म्हणून आधी कागदावर न हलणाऱ्या गोष्टी लिहा, आणि उरलेल्या मोकळ्या जागा बघा. माझ्याकडे दोनच निघाल्या: साडेआठ ते दहा आणि साडेदहा ते बारा. म्हणजे रोजचे तीन तास. पहिल्यांदा ते बघून वाईट वाटलं, कारण मनात मी आठ तास काम करणारी बाई होते. पण लिहिण्याचे रोज तीन तास खरोखर मिळाले तर आठवड्याला दोन लेख आरामात होतात.

पुढची गोष्ट मला तिसऱ्या दुरुस्तीच्या वेळी कळली. या धंद्यातली निम्मी कामं आवाजात होतात. फोटो कापणं, त्यांचा आकार कमी करणं, तुटलेल्या लिंका शोधणं, जुन्या लेखातल्या खताच्या किमती बदलणं, मेलना उत्तरं, प्रायोजकाला बिल पाठवणं. मागे मिक्सर चालला तरी यातलं काही बिघडत नाही. लिहिणं तेवढं शांततेत लागतं. आणि मी नेमकं उलट करत होते. साडेआठला घर शांत, डोकं ताजं, तेव्हा मेलना उत्तरं द्यायची. आणि भांड्यांचा खणखणाट सुरू झाला की लेखाला हात घालायचा. मग मावशींवर चिडायचं.

आता दोन याद्या आहेत, शांत आणि गोंगाटी. पहिला दीड तास फक्त लेख. मावशी आल्या की गोंगाटी यादी. कुकर पावणेआठला, पाणी चालू असतानाच लावते. म्हणजे सव्वाआठला ओटा पुसलेला असतो आणि शिट्ट्या मोजायला डोक्याचा कोपरा अडकून पडत नाही. (शिट्ट्या मोजताना लिहिलेलं वाक्य मला नंतर ओळखू येतं. ते तिसऱ्या स्वल्पविरामापाशी संपलेलं असतं.)

रात्री काम करणाऱ्यांसाठी: साडेअकराला शांतता मिळते हे अगदी खरं. पण पाणी सकाळी सहालाच येतं. दोन आठवड्यांत शरीर त्याची वसुली करतं, आणि तुम्हाला वाटतं लिहिण्याचा कंटाळा आलाय.

हे वेळापत्रक एकदा बसवलं की कायमचं बसलं, असं नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची पातळी मे-जूनमध्ये खाली गेली की पालिका कपात लावते. २०२४ मध्ये ५ जूनपासून १० टक्के कपात होती. आमच्या सोसायटीने सकाळची वेळ पावणेआठ ते सव्वानऊ केली. पंधरा दिवस मला वाटत होतं की या विषयातला आपला रसच संपला, आता दुसरं काहीतरी बघावं. नणंदेजवळ तसं बोललेसुद्धा. मग पाठकोरा कागद लावला. रस कुठे गेला नव्हता. माझ्या पहिल्या दीड तासातला पाऊण तास बादल्या आणि पिंप भरण्यात जात होता. लेख साडेनऊला सरकवला, प्रश्न मिटला.

"घरीच असतेस ना"

तिन्ही मजल्यांची पार्सलं माझ्याकडे यायची. इस्त्रीवाला दुसऱ्यांचे कपडे ठेवून जायचा. गॅसचा सिलिंडर आला की "त्यांना सांगा, त्या घरीच असतात." लोक वाईट नसतात. त्यांच्या दृष्टीने कामाला जाणं म्हणजे घराबाहेर जाणं, आणि आपण तर दार उघडतोच.

सासूबाईंना मी समजावून बघितलं.

"आई, साडेआठ ते दहा मला हाक मारू नका."

"मी कुठे हाक मारते? मी फक्त विचारते."

"विचारूसुद्धा नका ना."

"बरं. मग पोहे कुठल्या डब्यात आहेत ते काय देवाला विचारू?"

एकाग्रता, सलगता वगैरे शब्दांचा घरात काही उपयोग होत नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. उपयोग झाला पडद्याचा. लग्नानंतर काही वर्षं मी फोर्टला नोकरी करत होते. तेव्हा पोह्यांचा डबा आईंना रोज सापडायचा, माझ्यावाचून. म्हणून घरात ठरवलं की हॉलच्या कोपऱ्यातला पडदा ओढला की मी फोर्टला गेले. मुलाने थट्टेत सुरू केलं, आईंनी मात्र मनावर घेतलं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तेव्हा पडद्यापासून सहा फुटांवर उभ्या राहून आईंनी सांगितलं, "ती फोर्टला गेलीय, बाराला येते." मी श्वास रोखून बसले होते.

हे टिकवायला दोन गोष्टी लागतात. पहिली, फोर्टला असतानाही ज्यासाठी फोन आला असता, त्यासाठी पडदा उघडायची मुभा. गॅसचा वास, शाळेचा फोन, कोणी पडलं. ही यादी माझ्याकडे फ्रीजवर आहे. दुसरी आणि अवघड: बाराला पडदा उघडला की खरोखर घरी यायचं. "एकच मिनिट" म्हणून रात्री नऊला परत पडदा ओढायला लागलात की पडद्याची किंमत आठवड्यात जाते. मी दोनदा घालवलीय.

आणि पैसे घरात दिसू द्या. ॲडसेन्सची कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता तपासायला पोस्टाने पिनचं पत्र येतं. माझं पत्र वॉचमनच्या खणात तीन आठवडे पडून होतं, कारण आमच्या इमारतीत परदेशी लिफाफा मला येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. पुढे पहिली रक्कम बँकेत जमा झाली तेव्हा पासबुक भरून आईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कुंड्यांचे?" तेव्हापासून पार्सलं काकूंच्या मुलीकडे जातात.

एक फरक मात्र ओळखा. घरचे विसरतात, हाका मारतात, हे पडद्याने सुटतं. कमाई हिसकावून घेतली जात असेल, काम करू दिलं जात नसेल, धाक असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नाही आणि तो एकटीने दुरुस्त करायचाही नाही. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१.

चिठ्ठी

शांतता आहे, वेळ आहे, आणि तरी पान कोरं. तर काल रात्री स्वतःसाठी काय लिहून ठेवलं होतं ते बघा. "पावसाळ्याचा लेख लिहिणे" असं असेल तर दोष सापडला. ते काम नाही, तो आठ कामांचा गठ्ठा आहे. "ग्रिलमधल्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू नये म्हणून ताटली कशी लावायची, तेवढा परिच्छेद" ही चिठ्ठी. बसल्याबरोबर बोटं चालतात. उठताना शेवटचं वाक्य अर्धवट सोडा. उद्या ते पुरं करायच्या निमित्ताने गाडी सुरू होते.

कधी अडतं ते माहितीपाशी. शेणखत ग्रिलमध्ये किती वास मारतं हे मला ठाऊकच नसेल तर मी कितीही वेळ बसले तरी ते वाक्य येणार नाही. तिथे लिहिणं थांबवून रोपवाटिकेत फोन करायचा असतो.

आणि हंगाम बघा. पावसाळी लेख जूनमध्ये लिहायला घेतला तर तो गुगलच्या शोधात वर यायच्या आत वाचणाऱ्यांची तुळस कुजलेली असते. मी ते एप्रिलमध्ये लिहिते, कुंडीतल्या दुर्वांचा लेख जुलैच्या सुरुवातीला. उशिरा लिहिलेला लेख चालत नाही, मग मन खट्टू होतं, मग पुढचा लेख लांबतो. हेसुद्धा लक्षण म्हणून आळसासारखंच दिसतं.

वायर, वायफाय, वीज

इथून पुढे थोडे पैसे.

नेट सारखं तुटत असेल तर आधी राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. मग लॅपटॉप वायरने थेट राऊटरला जोडून बघा. वायरीवर ठीक चालतं आणि वायफायवर नाही, तर दोष घराच्या भिंतींत आहे, कंपनीत नाही. राऊटरची दोन नावं दिसतात: ५ गीगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीपलीकडे दमतं, २.४ हळू पण लांब पोचतं. स्वयंपाकघराजवळ बसत असाल तर मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ अडखळतं. नणंदेकडे नेट रोज "साडेबाराला जायचं". साडेबाराला तिच्याकडे जेवण गरम व्हायचं. वीस-पंचवीस फुटांची लॅन केबल भिंतीच्या कडेने टाकली, काम झालं.

वीज गेली की लॅपटॉप चालतो, राऊटर मरतो. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा मिळतो. इन्व्हर्टरच्या मानाने स्वस्त पडतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

थांबायचं कुठे: राऊटरच्या डब्यावर 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला की फायबरमधून प्रकाश येत नाही. तक्रार नोंदवा, तंत्रज्ञ येईपर्यंत वायर सोलू नका आणि तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पुन्हा पुन्हा पडत असेल, बोर्ड गरम लागत असेल, जळका वास येत असेल, तर परवानाधारक वायरमन. लॅपटॉपचा तळ फुगल्यासारखा दिसला, टचपॅड वर उचलला गेला, तर बॅटरी फुगली आहे. बंद करा, चार्जिंग काढा, दुरुस्तीला न्या. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

शेजारचा टॉवर

पुनर्विकासाचं काम शेजारी चालू असेल तर पडदा काही करत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालू असताना नियम वाचून लेख होत नाही. तक्रार एकटीने करू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला द्या, आमच्याकडे टी वॉर्ड. तोवर आठवड्यातले दोन दिवस बाहेर बसा. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, आणि तुमच्या उपनगरातही एखादं वाचनालय सापडेल. सदस्यत्व, लॅपटॉप आणि प्लग यांची चौकशी आधी करा. मी प्लगच्या भानगडीत न पडता वही नेते. जाण्यायेण्यात दीड तास जातो, तरी ब्रेकरपेक्षा परवडतं.

मान, मनगट, डोळे

लॅपटॉप दोन डब्यांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, वेगळा कीबोर्ड लावा, कोपर काटकोनात ठेवा. पायाखाली पाट. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा; मी समोरच्या इमारतीतलं कबुतरांचं ग्रिल बघते. बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, मानेतून हातात कळ उतरत असेल, तर तेल चोळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मैत्रिणीने सहा महिने बाम लावला आणि मग दोन महिने एका हाताने टाइप केलं.

साइट आणि पैसे

वर्डप्रेसवर (ब्लॉग ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि साइट पांढरी पडली, तर बहुधा एखादं प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, भांडतंय. शेवटी जे बदललं ते बंद करून बघा. डॅशबोर्डच उघडत नसेल तर होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीच्या, फाइल मॅनेजरमध्ये प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदललं की सगळी एकदम बंद होतात. हे करायच्या आधी बॅकअप आहे का? नसेल तर इथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. डेटाबेसला हात घालायचा नाही, रात्री बारानंतर तर नाहीच. मी एकदा घातला. दोन वर्षांच्या प्रतिक्रिया गेल्या, त्यात एका आजोबांनी अळूवर लिहिलेलं अख्खं टिपण होतं. अपडेट गोंगाटी यादीत असू द्या, पण आठवड्यातून एकदाच आणि बॅकअप घेऊन.

पैशांची गळती वेगळीच दिसते. कमाईचा हिशोब अंगावर आला की माणूस लेखापासूनच लांब पळतो. मार्च महिन्यात माझे मसुदे वाढायचे त्याचं कारण हेच होतं. वर्षाचा कर टीडीएस (आधीच कापला गेलेला कर) वजा जाता १०,००० रुपये किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. हप्त्यांच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. परदेशी कंपनीकडून येणारी जाहिरातीची रक्कम, प्रायोजकाने पैशांऐवजी पाठवलेल्या वस्तू, अनुमानित कराची योजना आपल्याला लागू होते की नाही, हे मात्र सीएला विचारा. व्हॉट्सॲपवरच्या भावोजींना नाही. एका बैठकीची फी दिली आणि माझा मार्च मोकळा झाला.

सगळं जागेवर आहे, तरीही

घर शांत आहे, पडदा ओढलेला आहे, चिठ्ठी नेमकी आहे, नेट चालतंय, पाठ दुखत नाही. तरी दोन आठवडे रोज बसवतच नाही. झोप उडालीय किंवा उठवत नाही, खाणं बदललंय, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, कारण नसताना रडू येतं. इथे कागद लावू नका. वेळापत्रकाने हे जात नाही, उलट न पाळलेलं प्रत्येक वेळापत्रक ते वाढवतं. आपल्या डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारच्या टेलिमानस या सेवेला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास असते, मराठीतही बोलतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर फोन आजच करा आणि घरात एकाला तरी सांगा. तिसऱ्या वेळी माझी गळती इथे होती. मी चार महिने वेळापत्रकंच बदलत राहिले होते.

परत कधी येतो

ठरलेल्या वेळी येतो. मे महिन्यात पाहुण्यांबरोबर. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली की. जुलैत रेड अलर्टची सुट्टी पडते, कुर्ला-शीवला रुळांवर पाणी भरतं आणि नवरा, मुलगा दोघंही पडद्याच्या अलीकडे चहा मागत असतात. त्या दिवशी फक्त गोंगाटी यादी काढा, लेखाचं नावही घेऊ नका. गणपतीच्या आधीचे आठ दिवसही असेच, म्हणून मी त्या आठवड्याचे दोन्ही लेख आधीच वेळ लावून ठेवते.

कागद भिंतीवरून फाडू नका, उलटा करून ठेवा. पुढच्या वेळी पहिली नोंद करायच्या आधी वॉचमनला विचारा, पाण्याची वेळ बदलली का.